पास्कूचा बंद भोंगा

झोप मिळावी म्हणून श्रीनाथने नोकरी सोडली आणि त्या दिवसापासून झोपेनेच त्याला सोडलं.

पेडण्याकडच्या एका औषध कंपनीत तो प्रॉडक्शन मॅनेजर होता. मशीन अडलं की त्याला फोन, कामगार आला नाही की फोन, आणि सगळं सुरळीत चाललेलं असलं तर तेही सांगायला फोन. घरून त्याच्या बायकोने, पल्लवीने, कधी फोन केला तर तो मात्र भलताच कोणी तरी उचलायचा आणि सांगायचा, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." त्यांची मुलगी सेजल तापाने फणफणली तेव्हा साहेब मीटिंगमध्ये होते. त्याच्याच वडिलांच्या वर्षश्राद्धाला भटजी येऊन बसले तेव्हाही साहेब मीटिंगमध्येच होते. शेवटी एकदा घरी येताना अस्नोड्याच्या वळणावर स्कूटर चालवता चालवताच त्याचा डोळा लागला. स्कूटर काजूच्या झाडावर जाऊन टेकली म्हणून माणूस हाती लागला. दुसऱ्याच दिवशी पल्लवीने राजीनामा स्वतः लिहिला आणि त्याच्यापुढे सहीला ठेवला.

आता लाटंबार्शाच्या घरी गादी होती, पंखा होता, वेळ तर हवा तेवढा होता. जायफळ झालं, खसखस झाली, तळपायांना तूप चोळून झालं. श्रीनाथ आपला छपराची कौलं बघत पडून राही. पहाटे कुठे पापणी जड व्हावी, तर नेमका पास्कू पोदेर, गावचा पाववाला, सायकलवरच्या पाटीत उंडे, पोयी असे गरम पाव घेऊन वाडीत शिरे आणि रबरी भोंगा दाबी, पोंय, पोंय.

अशात कंपनीच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. परत या म्हणाले, शनिवारी संध्याकाळी काय ते नक्की सांगा. फोन ठेवून श्रीनाथ पल्लवीकडे वळला.

"जातंय म्हणतंय परत," तो म्हणाला. "थंय निदान मी जागो कित्याक असंय, ता तरी कळायचा."

पल्लवीच्या डोळ्यांपुढे ते काजूचं झाड उभं राहिलं. पुढच्या वेळी आडवं यायला झाड असेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती वाडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"पास्कू, आमच्या वाडीत भोंगो वाजव नको. ह्यांका निजाक मेळणा नाय."

"मगे लोकांक कसा कळतला वयनी, पाव इलो म्हणून?"

"कळतला. आपापले उठतीत."

लोक आपापले उठले नाहीत. वाडीत घरोघर घड्याळं होती, पण माणसं उठत ती पास्कूच्या भोंग्यावर. पहिल्याच दिवशी शेवंतीकाकीचं दूध डेअरीत पोचलं नाही, दत्तप्रसादबाबांच्या नातवाची शाळेची बस चुकली आणि अर्ध्या वाडीने नुसता चहा प्यायला.

पल्लवी ओशाळली. तिनेच यावर तोड काढली. पहाटे ती दारोदार जाऊन हलकेच कडी वाजवू लागली आणि सगळ्यांचे पाव आपल्या घरी घेऊन ठेवू लागली. कडी ती हलकेच वाजवी, पण तिच्यामागून चालणारी वाडीतली कुत्री ते काम हलक्याने करीत नसत. मग माणसं चपला हातात घेऊन पाव न्यायला येत आणि श्रीनाथच्याच खिडकीखाली उभी राहून कुजबुजत.

"निजलो काय गे?"

"निजलो असतलो. हळू बोला."

"हळूच बोलतंय. दोन उंडे दी."

"मी निजाक नाय," आतून श्रीनाथ सांगे. "आणि उंडे टेबलार असत."

असं चार लोकांत झाल्यावर प्रकरण वाडीचं झालं. एकाची झोप म्हणून सगळ्यांचा भोंगा का बंद, असा प्रश्न निघाला. शनिवारी दुपारी सगळे श्रीनाथच्याच सोप्यावर जमले. दत्तप्रसादबाब पूर्वी पंच होते, त्यामुळे ते न सांगता मधोमध बसले. श्रीनाथला आरामखुर्चीत बसवलं, कारण विषयच तो होता. संध्याकाळी साहेबांना काय सांगायचं ते त्याने मनाशी ठरवलं होतं, आणि ते पल्लवीला त्याच्या तोंडावर वाचता येत होतं.

"विषय एकच असा, भोंगो," दत्तप्रसादबाबांनी सुरुवात केली. "पण त्याच्याआधी रस्त्याचा बोलूक होया. रस्तो नसतो तर पास्कू इलोच नसतो."

"माझ्या दुधाचा काय, ता आधी सांगा," शेवंतीकाकी म्हणाली.

"दूध पुढल्या बैठकीत घेवया. रस्त्याक एक उपसमिती नेमूया."

कुणी तरी घोरलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. श्रीनाथची मान छातीवर पडली होती, तोंड उघडं होतं आणि चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेली शांती होती.

वाडीतली माणसं मनाने चांगली. सगळी एकदम गप्प झाली. शेवंतीकाकीने तर हातातल्या बांगड्याही दाबून धरल्या. आणि त्याबरोबर श्रीनाथच्या पापण्या थरथरल्या, हात खिशातला फोन चाचपू लागला.

तेव्हा पल्लवीला कळलं. कंपनीत सगळं शांत झालं म्हणजे मशीन बंद पडलं. हा माणूस इतकी वर्षं कलकलाटात निश्चिंत राहिला होता आणि शांततेत धास्तावत आला होता; म्हणून तर पहाटेच्या शांततेत एकटा भोंगाही त्याला दचकवी. आणि तिने जिवाचं रान करून त्याच्याभोवती शांतता रचली होती. तिला त्याची फार दया आली, आणि स्वतःचीही.

"गप रवा नको," ती हात जोडून म्हणाली. "बोला. भांडा."

"असा सांगून भांडण येता काय गे?" दत्तप्रसादबाब म्हणाले.

"तुमच्या फणसाची फांदी माझ्या गोठ्यार इली असा," शेवंतीकाकी म्हणाली. पल्लवीला मदत म्हणूनच म्हणाली.

"फांदी? अगे, तुजो गोठोच माझ्या जाग्यात असा."

पुढे कुणाला सांगावं लागलं नाही. फणसावरून विहीर निघाली, विहिरीवरून कुणाच्या तरी लग्नातलं न मिळालेलं जेवण निघालं. श्रीनाथचा हात खिशावरून घसरून खाली लोंबला आणि घोरणं पुन्हा लागलं.

दिवेलागणीला पास्कू संध्याकाळचा पाव घेऊन आला. सांगितल्याप्रमाणे त्याने भोंग्याला फडकं बांधलं होतं.

"सोड ता फडका," पल्लवी म्हणाली. "वाजय."

पास्कूने घाबरत घाबरत भोंगा दाबला. श्रीनाथने नुसती मान एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. पल्लवीने तो अलगद काढून घेतला आणि दाराशी गेली. मोठे साहेबच होते.

"श्रीनाथ आहेत का? आज निर्णय कळवणार होते."

तिने मागे वळून पाहिलं. दत्तप्रसादबाब उभे राहून बोलत होते, शेवंतीकाकी कमरेवर हात ठेवून होती, आणि मधोमध तिचा नवरा लहान मुलासारखा झोपला होता. हे वाक्य तिला वर्षानुवर्षं तोंडपाठ होतं, फक्त म्हणायची पाळी कधी आली नव्हती.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," ती म्हणाली, आणि तिने फोन बंद केला.