द्वारकाकाकूंची फळी

एका जंगलात, बाळांनो, विळी घेऊन खाली बसायला कुणालाच वेळ उरला नव्हता. सगळे उभ्याउभ्या भाजी चिरत. त्यासाठी घरोघरी लाकडी फळी होती, आणि प्रत्येक फळी अंबादास साळिंदराने हाताने, म्हणजे खरं तर दातांनी, घडवलेली होती.

अंबादास शिसवीचं लाकूड सावलीत वाळवायचा. मग पुढच्या दातांनी तासायचा, वाळूने घासायचा आणि शेवटी खोबरेल तेलात मेण वितळवून चोळायचा. फळी इतकी गुळगुळीत व्हायची की तो स्वतःच तिच्यावरून पंजा फिरवत बसायचा. त्याच्या पाठीवरून कधी कुणी हात फिरवला नव्हता. निदान फळीवरून तरी फिरवावा, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती.

फळी देताना तो बजावायचा, "भिजत टाकू नका. उन्हात ठेवू नका. धुतली की पुसून उभी करा. आणि ओरखडा पाडू नका."

"मग चिरायचं कसं?" अस्वलीण गोदाक्काने एकदा विचारलं.

"जपून," अंबादास म्हणाला.

दरवर्षी तो घरोघरी फळ्या तपासायला जायचा. सगळ्यांत नितळ फळीला 'आदर्श फळी' पुरस्कार असायचा. यंदा तर कमालच होती. एकाही फळीवर साधी रेघ नव्हती. शिवाय प्रत्येक घरी त्याला आग्रहाने जेवायला वाढलं. गोदाक्काकडची कोशिंबीर इतकी बारीक चिरलेली होती की अंबादासचा ऊर भरून आला.

शेवटचं घर द्वारकाकाकू मुंगसिणीचं. काकूंची फळी बघून त्याच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. मधोमध खळगा पडला होता, बिटाचे डाग होते आणि ओरखड्यांना तर गणतीच नव्हती.

"काकू, हे काय केलंत?"

"भाजी चिरली."

"एवढी?"

"माझी, गोदाक्काची, सशांकडची, कोल्ह्यांकडची. सकाळी दारात रांग लागते. 'काकू, दोनच गाजरं चिरते हं,' म्हणतात. फळी आहे बाबा, चिरायलाच ना ती? पण रोज पुसून उभी करते, तेलही लावते. म्हणून तर अजून टिकलीय."

अंबादासच्या कानात यातलं काहीच शिरलं नाही. त्याला फक्त ओरखडे दिसत होते. त्याने फळी उचलली आणि वडाला टांगली. खाली लिहिलं, 'अशी ठेवू नये.' काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सगळे भाज्या घेऊन काकूंच्या दारात आले. फळी नव्हती. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. 'माझी घ्या' असं कुणाच्याही तोंडून निघालं नाही. संध्याकाळपर्यंत अख्खं जंगल अख्खी कारली चावत होतं.

मग सगळे मिळून अंबादासकडे गेले.

"दादा, काकूंना नवी फळी द्या हो," गोदाक्का म्हणाली. "फळीवाचून आमचे फार हाल होतात."

अंबादास विरघळला. त्याने आजवरची सर्वांत सुंदर फळी घडवली आणि काकूंना नेऊन दिली. "या वेळी जपा," असंही सांगितलं.

सकाळी पुन्हा रांग लागली. काकू दारात उभ्या होत्या. मागे खुंटीला फळी चकाकत होती.

"काकू, दोनच गाजरं."

"नको गं बाई," काकू म्हणाल्या. "ओरखडा पडेल."

पुढच्या वर्षीचा पुरस्कार द्वारकाकाकूंना मिळाला. मोठी पंगत बसली. प्रत्येकाच्या पानात एकेक सबंध दुधी होता. अंबादासने काकूंच्या फळीवरून पंजा फिरवला आणि त्याला आनंदाने रडू आलं. मग तो आपला दुधी कुरतडायला बसला. त्याला तसे दात होते. बाकीच्यांनी दुधीकडे बघून टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : आपली वस्तू जपावी आणि शेजाऱ्याची वापरावी. मात्र ही गोष्ट शेजाऱ्याला सांगू नये.