गायकवाड सरांचा पाला

आमच्या बिल्डिंगमध्ये गच्चीवर जायचं असेल तर शेवटच्या जिन्यावर भिंतीला चिकटून चढावं लागायचं. मधल्या जागेत गायकवाड सरांचा पाला असायचा. वर्तमानपत्र अंथरून त्यावर नीट पसरलेला, चारी कोपऱ्यांवर बटाटे ठेवलेला. वजनाला बटाटे कशाला, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "दगड असला तर लोक फेकून देतात. बटाटा दिसला की कोणाचा तरी असेल म्हणून हात लावत नाहीत."

सर आमच्या समोरच्या दारात एकटे राहतात. मूळचे नांदेडकडचे, मुलुंडला येऊन जन्म गेला. घाटकोपरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. शिकवून झालं की तिथल्याच लॅबमध्ये पाल्याचा अर्क काढायचा आणि तो ब्लड कॅन्सरच्या पेशींवर टाकून पेशी मरतात का बघायचं, हा त्यांचा खरा उद्योग. पाला सावलीतच वाळला पाहिजे, म्हणून आमचा जिना.

या वाळवण्याने त्यांच्या बोलण्याचाही ताबा घेतला होता. कोणी काहीही सांगायला गेलं की सर शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, "वाळवून किती उरलं?" सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी तासभर भाषण ठोकलं तेव्हाही मागून आवाज आला, "सावंत, वाळवून किती उरलं?" सावंत म्हणाले, "मेंटेनन्स वाढणार." सर म्हणाले, "मग तेवढंच सांगायचं ना रे."

एकदा मी त्याच जिन्यात मेथी वाळत ठेवली. वारा सुटला, त्यांची भुईआवळी माझ्या मेथीत मिसळली, आणि रात्री आमची डाळ कडूजहर झाली. माझा नवरा राजेश ताट सरकवून समोर जाब विचारायला गेला. सर धावत आमच्याकडे आले. मला वाटलं, काळजीने आले. त्यांनी डाळीच्या पातेल्यात डोकावून विचारलं, "कडवटपणा लगेच लागला, की घास गिळल्यावर?"

लग्न का नाही केलं, हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगायचे. मुलगी बघायला गेले होते. मुलगी पोहे घेऊन आली तेव्हा सर खिडकीतल्या कुंडीतलं पान चुरगळून वास घेत होते. मुलीचे वडील म्हणाले, "काही विचारायचं असेल तर विचारा." सरांनी विचारलं, "हे रोप कुठून आणलंत?" सांगताना ते स्वतः इतके हसायचे की आम्हीही हसायचो. पुढे कोणी काही विचारत नसे.

मग माझं आजारपण आलं. ताप जाईना. दात घासले की हिरड्यांतून रक्त, मांड्यांवर निळे डाग. रक्त तपासलं, मग हाड टोचून आतली मज्जा तपासली, आणि डॉक्टरांनी सांगितलं, ब्लड कॅन्सर आहे. त्या संध्याकाळी राजेश सोफ्यावर, मी त्याच्या शेजारी, सासूबाई देवासमोर. सर दारात येऊन उभे राहिले. धीर देणं वगैरे त्यांना जमत नाही. "रिपोर्ट दाखव," म्हणाले. वाचला. मग राजेशच्या हातातला औषधांचा कागद घेतला आणि एका नावाशी थांबले.

"व्हिनक्रिस्टिन! अरे, ही तर आपली सदाफुली!"

अनोळखी गावात शाळेतला मित्र भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला. खाली कुंपणाजवळ गुलाबी फुलांची झुडपं आहेत ना, त्या जातीच्या झाडातून हे औषध निघालं, असं त्यांनी सांगितलं. "लोक मधुमेहासाठी तपासत होते गं. मधुमेहाचं काही जमलं नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड उतरल्या. शोधायला गेले एक, सापडलं भलतंच." त्या दिवसात पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं. ज्या झाडाला आपण ढुंकून बघत नाही, ते आपल्या बाजूने आहे म्हणे.

पण हे सासूबाईंनीही ऐकलं होतं. देवगडच्या त्या. ऐकून गप्प बसणं त्यांच्या रक्तात नाही. दोन दिवसांनी मी उठते तो कुंपणाजवळची सगळी सदाफुली साफ, आणि सासूबाई माझ्यासमोर हिरव्यागार रसाची वाटी घेऊन उभ्या.

"डॉक्टर सुयेतसून देतत, तांच मी वाटयेतसून देतंय. गुमान पी गो."

दार उघडंच होतं. समोरून सरांनी ते पाहिलं आणि एकाच पायात चप्पल घालून ते आत घुसले. चिडले की त्यांच्या तोंडून नांदेड बाहेर पडतं. "काय करायलात हो मावशी? विष आहे ते, विष!" वाटी हिसकावून त्यांनी थेट मोरीत ओतली.

"विष?" सासूबाई कडाडल्या. "मग तां सुयेतसून कित्याक टोचतत माझ्या सुनेक?"

सरांनाही पटलं, प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले आणि सासूबाईंना म्हणाले, "मावशी, काल ओरडलो. चला माझ्याबरोबर, दाखवतो." आणि नऊवारीतल्या माझ्या सासूबाईंना रिक्षात घालून घाटकोपरला लॅबमध्ये घेऊन गेले.

त्या दिवसभरात तिथे काय झालं ते सासूबाईंनी पुढे सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. पोतंभर वाळका पाला सरांनी आधी दळून ठेवला होता. तो भिजवला, गाळला, आटवला. शेवटी काचेच्या भांड्याच्या तळाला पिवळट डाग राहिला. "येवढो पालो, नि उरला काय, तर ह्या नखभर!" आणि त्या नखभरातही हजार भानगडी, त्यातलं नेमकं एक वेगळं करायचं, ते केसाएवढं मोजून द्यायचं. जास्त झालं तर माणूस जायचा, कमी पडलं तर रोग राहायचा. तेव्हापासून कोणी पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर, कसलीशी पुडी घेऊन मला भेटायला आलं की सासूबाई दारातच विचारायच्या, "वाळवान किती उरला?" पाहुणे बिचारे पिशवी घेऊन परत जायचे.

सरांनी मला दवाखान्यात पाहिलं ते बऱ्याच नंतर. एका गुरुवारी राजेशला सुट्टी मिळेना. सर म्हणाले, "मी येतो." सकाळी दार उघडलं तर समोर इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, विंचरलेले केस. मी म्हटलं, "सर, लग्नाला चाललोय का आपण?" ते लाजले.

वॉर्डात मला आरामखुर्चीत बसवलं. सिस्टरने छोटीशी पिशवी आणली. सरांनी विचारून तिच्यावरचं नाव वाचलं. पाण्यासारखं बिनरंगी औषध नळीतून उतरायला लागलं. सिस्टर म्हणाली, "अंकल, बसा ना." सर म्हणाले, "नको. उभाच राहतो." राष्ट्रगीत चालू असल्यासारखे दोन्ही हात सरळ खाली ठेवून ते उभे राहिले. पिशवी रिकामी होईपर्यंत हलले नाहीत.

मग हळूच म्हणाले, "सुषमा, मी आयुष्यभर काचेच्या बशीतल्या पेशी मारल्या. माणसाच्या अंगात हे जाताना आज पहिल्यांदा बघितलं."

"तुमच्या पाल्यातलं काय झालं, सर? एखादं औषध?"

"एकही नाही." अगदी साधेपणाने म्हणाले. "बशीत पेशी मरायच्या. पुढे उंदराला दिलं की उंदीरही मरायचा. किंवा काहीच व्हायचं नाही. असं करत करत रिटायरमेंट जवळ आली." मग त्यांनी विचारलं, "दुखतंय का गं तुला?"

इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी मला विचारलेला हा पहिला असा प्रश्न, ज्यात झाडाचा संबंध नव्हता. मी "नाही" म्हटलं. खरं तर पायांना मुंग्या येत होत्या आणि जबडा ठणकत होता. पण मला तेव्हा वेगळंच वाटत होतं. माझ्या नळीतलं ते थेंब थेंब पाणी कोणीतरी असंच दळून, गाळून, आटवून शोधलं असणार. आणि त्या एकाच्या मागे, हाती काहीच न लागलेले कितीतरी गायकवाड सर असणार. त्यांनी तपासून बाद केलेली झाडं पुन्हा कोणाला तपासावी लागली नाहीत. या माणसांचे आभार मानायला मला नावंसुद्धा माहीत नाहीत. जे एक माहीत होतं, ते पॉलिशचे बूट घालून शेजारी उभं होतं. मी त्यांचा हात धरला. ते इतके गडबडले की सिस्टरला हाक मारायला निघाले.

मी बरी झाले. उपचार लांबले, केस गेले, आले, कुरळे आले. आता अधूनमधून तपासणीला जावं लागतं एवढंच. सर रिटायर झाले तेव्हा सासूबाईंनी त्यांना घावन-चटणीचं जेवण घातलं. बुद्धपौर्णिमेला त्यांची खीर आमच्याकडे येते, ती त्यांना जमत नाही, पण आम्ही सगळी संपवतो.

मागच्या महिन्यात तपासणीला एकटीच गेले होते. गुरुवार होता. रिपोर्ट घेऊन परत निघताना सहज त्या वॉर्डात डोकावले, सिस्टरला भेटायला. तर कोपऱ्यातल्या खुर्चीशेजारी स्टुलावर गायकवाड सर. इस्त्रीचा शर्ट. खुर्चीत वाकोल्याची एक पोरगेलीशी बाई, डोक्याला रुमाल, हाताला नळी. सर तिच्यासाठी मोसंबं सोलत होते. शिरा काढून, बिया काढून, एकेक फोड रुमालावर ठेवत होते.

सिस्टर मला म्हणाली, "अंकल दर गुरुवारी येतात. तुमची ट्रीटमेंट संपली तेव्हापासून. ज्यांच्यासोबत कोणी नसतं, त्यांच्याजवळ बसतात."

सरांनी मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

"अगं, हिचा नवरा ड्युटीवर आहे," ते म्हणाले. "एकटी आली होती. आणि मला तरी घरी कोण वाट बघतंय?"

ती बाई त्यांच्याकडे बघून हसली. म्हणाली, "सर, बसा ना. पुढचं सांगा. मुलगी बघायला गेलात, मग?"

सर बसले, आणि पोह्यांपासून सुरुवात केली.