अर्ध्या टाकीत बडोदा

नोकरीतून निवृत्त झाल्यावर कौसल्याबाईंनी सगळ्यात आधी एक म्हातारी गाडी विकत घेतली. गाडी जर्मन होती, पेट्रोलवर चालणारी, लोण्याच्या रंगाची. आणि लांब इतकी, की घरासमोर लावली तर तिचं नाक स्वतःच्या फाटकापाशी आणि शेपूट शेजाऱ्यांच्या फाटकापाशी येई. एका जुन्या मिलमालकाच्या बंगल्यात ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपने तिच्यात पुन्हा प्राण फुंकले.

कौसल्याबाईंचे वडील किसन महूला लष्करी साहेबांच्या गाड्या चालवत. आयुष्यभर त्यांनी मागचं दार उघडलं, साहेब बसले की अदबीने लावलं, पण त्या दारातून स्वतः कधी आत गेले नाहीत. म्हणून गाडी घरी आली त्या दिवशी कौसल्याबाईंनी मागची सीट स्वतःच्या हाताने पुसली, मधोमध बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, "पंच्या, चल. राजवाड्याला एक चक्कर मारून आण."

पंचशीलने चक्कर मारली, पण त्याचा जीव पेट्रोलच्या काट्यात अडकला होता. तो विमा कंपनीत अधिकारी होता आणि लाल सिग्नलला इंजिन बंद करणाऱ्यांपैकी होता. त्याच्या स्वतःच्या छोट्या गाडीचा अ‍ॅव्हरेज त्याला पोटच्या पोरीच्या मार्कांसारखा पाठ असे. आता गल्लीत येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "भिया, कितना देती है?" आणि पंचशील मान खाली घालून म्हणायचा, "पाच... उतारावर सहा."

आतून कौसल्याबाईंचा आवाज यायचा, "पेट्रोलच पिते, कुणाचं रक्त नाही पीत!"

एकदा त्याने गाडी विकण्याची गोष्ट काढली, तेव्हा त्या पोळी लाटता लाटता थांबल्या. "जन्मभर दवाखान्यात नर्स होते मी. घर, दवाखाना, सासर, माहेर, सगळ्यांनी एकच मोजलं, कौसल्या किती देते. आता ही गाडी किती देते ते मला कुणी विचारायचं नाही. समजलं?"

त्यानंतर विक्रीचा विषय निघाला नाही. पण बडोद्याहून लग्नाची पत्रिका आली. कौसल्याबाईंच्या नर्सिंग कॉलेजातल्या मैत्रिणीच्या, मधुरिमाच्या मुलीचं लग्न.

"ट्रेनने जाऊ या ना मम्मी," सून मानसी म्हणाली. "आरामात जाऊ, झोपून."

"गाडीनेच जाऊ. बसून," कौसल्याबाई म्हणाल्या.

पंचशीलने कपाळाला हात लावला. मग त्यालाही जिद्द चढली. "ठीक आहे. गाडीने तर गाडीने. पण चालवणार मी आणि नियम माझे. मी हिच्याकडून दहाचा अ‍ॅव्हरेज काढून दाखवतो. अर्ध्या टाकीत बडोदा!"

"आणि पूर्ण टाकी का नाही भरायची?"

"पेट्रोललाही वजन असतं, मम्मी. जास्त पेट्रोल नेलं की ते न्यायलाच जास्त पेट्रोल लागतं."

मानसीने यावर थोडा विचार केला आणि मग विचार करणं सोडून दिलं.

वजनाच्या याच तत्त्वावर निघायच्या सकाळी डिकीतून सतरंजी गेली, पाण्याचा कॅन गेला आणि शेवेचा मोठा डबा गेला. डब्यावरून मायलेकांत फाटकातच जुंपली.

"अरे, शेव काय वजनाची असते? फुंकर मारली तर उडते ती!"

"वजन ते वजन, मम्मी."

"मग तू पण उतर. सगळ्यात जड तूच आहेस."

शेव घरी राहिली. गाडी निघाली. मे महिना होता. बेटम्यापर्यंत सकाळचा गारवा होता. धारच्या पुढे ऊन तापलं तसं मानसीने एसीच्या बटणाकडे हात नेला. पंचशीलने तो हवेतच अडवला.

"एसीला पेट्रोल लागतं."

"बरं, मग काच तरी खाली करते."

"काचही नाही. वारा आत घुसला की गाडीला मागे ओढतो. हायवेवर काच बंदच पाहिजे, यार."

एसी बंद आणि काचाही बंद. मानसी लग्नाच्या पत्रिकेने वारा घेऊ लागली. कौसल्याबाईंनी मागची काच खाली केली. सगळ्या काचांची बटणं पंचशीलच्या हाताशी होती, त्याने ती वर केली. त्यांनी पुन्हा खाली केली, त्याने पुन्हा वर केली. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याला वाटलं बाई हात दाखवायचा प्रयत्न करतायत, त्याने गाडी आडवी घालून विचारलं, "माताजी, कोई तकलीफ?"

"आहे," कौसल्याबाई म्हणाल्या, "पण माझ्याच पोटची आहे. तुम्ही जा."

एवढं सगळं करूनही गाडीने आपला खाक्या सोडला नाही. जन्मापासून तिला जेवढं प्यायची सवय होती तेवढं ती पीत राहिली. झाबुआच्या अलीकडे घाट सुरू झाला तेव्हा काटा लाल रेषेला टेकला होता. मानसी म्हणाली, "तो बघ पंप, भरून घे ना." पंचशीलने पंपाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या डोळ्यांत आता वेगळीच चमक होती.

"पुढे सगळा उतार आहे," तो म्हणाला. त्याने गाडी न्यूट्रलला टाकली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

गाडीत एकदम शांतता पसरली. टायरांचा तेवढा आवाज येत होता.

"काय झालं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"काही नाही. आता आपण फुकट चाललोय."

पहिलं वळण खरंच सुरेख गेलं. दुसऱ्या वळणाला पंचशीलने ब्रेक दाबला तर तो दगडासारखा लागला. इंजिन बंद असलं की अशा जड गाडीचा ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही अडून बसतात, हे त्याच्या गणितात नव्हतं. त्याने घाईघाईने चावी फिरवली. तापलेलं इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

"पंच्या, गाडी थांबव!"

"थांबत नाहीये!"

"तर मग निदान नीट चालव!"

पंचशील दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला आणि अंगातलं सगळं बळ लावून त्याने डावीकडच्या सर्व्हिस रोडवर गाडी घातली. तिथे नशिबाने चढ होता. गाडीचा वेग उतरला, आणखी उतरला, आणि एका ढोलवाल्याच्या ढोलाला जेमतेम नाक लावून ती उभी राहिली.

समोर अख्खी बारात होती. वाजवणारे थांबले, नाचणारे थांबले. रस्त्याच्या कडेला एक जीप एक चाक तिरकं करून मोडून पडली होती आणि तिच्या सावलीत हातात तलवार घेतलेला घामाघूम नवरदेव उकिडवा बसला होता. त्याला घोडी चालत नव्हती, म्हणजे घोडीला तो चालत नव्हता. अशा वेळी डोंगरावरून, जराही आवाज न करता, लोण्याच्या रंगाची राजेशाही गाडी येऊन पायाशी उभी राहिली होती.

नवरदेवाच्या काकांनी ग्रामदैवताला हात जोडले. "भेरूजी ने भेजी है!"

"भेरूजींनी नाही, मी आणलीये," कौसल्याबाई काच खाली करून म्हणाल्या. या वेळी काच वर करायचं पंचशीलला सुचलं नाही. त्याचे पाय अजून ब्रेकवरच होते.

नवरीचं गाव जवळच होतं. पण फेऱ्यांचा मुहूर्त टळत चालला होता. "बहनजी, टैम निकल रिया है," काका नवरदेवाकडे हात करून काकुळतीने म्हणाले. "लाड़ा पैदल जाएगा तो नाक कट जाएगी."

"काकाजी, पेट्रोल नहीं है," पंचशील म्हणाला.

"जेवढं आहे तेवढं आहे," कौसल्याबाई खाली उतरल्या. "आओ बेटा, पीछे बैठो. आणि पंच्या, तू उतर. आता मी चालवते."

"तू मागे बसणार होतीस ना?"

"मालकीण कुठेही बसते."

किसन ड्रायव्हरच्या लेकीने स्टेअरिंग हातात घेतलं, बापाने शिकवलं होतं तसं इंजिनला दमाने घेतलं आणि ते सुरू झालं. नवरदेवाचं भिजलेलं कपाळ आरशात पाहून तिने पहिल्यांदा एसी लावला. मानसीने डोळे मिटले आणि थंड वाऱ्यासमोर तोंड धरलं. ढोल वाजू लागला. गाडी मुंगीच्या चालीने निघाली. पंचशील बाजूने चालत होता आणि दर चार पावलांनी काचेतून काटा पाहत होता.

थोड्या वेळाने गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

"मी सांगत होतो..." पंचशीलने सुरुवात केली.

"सांगत होतास, पण अर्धी टाकी भरून सांगत होतास!"

काकांनी हाळी दिली. बारातीतल्या मोटरसायकली रांगेने पुढे आल्या. नळ्या निघाल्या, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या. जो तो आपल्या टाकीतून पेट्रोल काढता काढता आपल्या गाडीची कीर्ती सांगत होता. "मेरी साठ देती है." "मेरी पैंसठ." पंचशीलला आपली माणसं भेटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात गुलाबी फेटेवाल्या एकाने नळी तोंडातून काढली आणि त्यालाच विचारलं, "और ये कितना देती है?"

पंचशीलने भरलेल्या बाटल्यांकडे पाहिलं. "पाच," तो पुटपुटला.

फेटेवाला उठून उभा राहिला. "पाँच?" त्याने वळून ओरडून सांगितलं, "अरे सुनो, पाँच देती है!" पंचशीलला धरणीने पोटात घ्यावंसं वाटलं. पण फेटेवाल्याच्या आवाजात अभिमान होता. "तो फिर दो बोतल और लाओ रे! अपना लाड़ा ऐसी-वैसी गाड़ी में नहीं बैठा!"

बातमी बारातीत मागे सरकत गेली. ढोलवाल्यांपर्यंत पाचाचे तीन झाले आणि गाणाऱ्या बायकांपर्यंत पोहोचेतो दोन. "लाड़े की गाड़ी दो देती है!" बायकांनी आवाज चढवला. एक म्हातारी पुढे येऊन गाडीची दृष्ट काढून गेली.

ज्या आकड्यापायी पंचशीलने गल्लीत मान खाली घातली होती, त्या आकड्याची इथे आरती चालली होती. त्याची मान आपोआप वर आली. काकांनी त्याच्या डोक्यावर फेटा चढवला. कुणीतरी हात धरून ओढलं. स्वतःच्या लग्नातही न नाचलेला तो माणूस आधी खांदा हलवू लागला, मग कंबर, आणि मग गाडीच्या थेट पुढ्यात रस्त्यावर लोळण घेऊन तो असा काही नाचला की मानसीने मोबाइल काढला आणि शूटिंग करायचं विसरून नुसती बघत राहिली. बारातीने त्याच्याभोवती गोल धरला. बारात जागच्या जागी थांबली.

आत कौसल्याबाईंची नजर काट्यावर गेली. मघापर्यंत टाकीत त्यांचं पेट्रोल होतं, ते त्यांनी हवं तसं जाळलं असतं. आता तिथे या लोकांच्या मोटरसायकलींतून घोट घोट काढलेलं पेट्रोल होतं. या सगळ्यांना ऊन उतरल्यावर बायकापोरांना घेऊन घरी जायचं होतं. त्यांनी हळूच एसी बंद केला.

"बस थोडा सहन कर बेटा," त्या आरशातून नवरदेवाला म्हणाल्या, "लोगों का पेट्रोल है."

मग त्यांनी हॉर्न दिला. पंचशीलला वाटलं, मम्मी ठेक्यात साथ देतेय. तो आणखी जोरात नाचू लागला. त्यांनी दोनदा दिला, तीनदा दिला. ढोलवाल्याने तोच ताल उचलला. शेवटी कौसल्याबाईंनी अर्ध्याअधिक खिडकीबाहेर येऊन हाक मारली.

"पंच्या! नाच पुरे, पुढे सरक! इथे पेट्रोल जळतंय!"

पंचशीलने फेटा सावरला आणि दोन्ही हात आभाळाकडे उचलले.

"जळू दे, मम्मी!"