भिंतीवरचे सुभेदार

"मला शिकवतोस? तू पाळण्यात व्हतास तवा निम्म्या कोरेगावची कपाटं मी रंगवलीत!"

शमशेरभाईंनी लेकासमोर छाती फुगवली आणि लगेच खोकले. या खोकल्यानंच तर सगळा घात केला होता! छाती भरायला लागली म्हणून बायकोनं, शकिलाबींनी, त्यांच्या हातातली स्प्रे-गन काढून घेतली, वर्कशॉप या लेकाकडं, रिजवानकडं गेलं, आणि गावातला नामी रंगारी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "या, बसा" म्हणायच्या कामाला लागला.

पण रविवारी सुभेदार हंबीररावांचा ट्रॅक्टर यायचा होता. हंबीरराव फौजेतून सुटून आले तेव्हा त्यांनी तो जुनाच घेतला होता आणि शमशेरभाईंनी लालभडक करून दिला होता. दोघांचेही केस तेव्हा काळेभोर! आता पुन्हा तोच लाल रंग आपल्या हातानं मारायचा, एवढीच हौस शमशेरभाईंना उरली होती.

रिजवाननं अट घातली होती. "अब्बा, मी साताऱ्याला जाऊन येतो. ह्ये नवं मशीन तेवढं धुऊन ठेवा. नीट धुतलं, तर रविवारी गन तुमची. तोंडाला मास्क, हातात मोजे. बटण बंद केलं की आधी हा व्हॉल्व फिरवून नळीतला दाब सोडा. बादलीत घोडा दाबून गन रिकामी करा. मगच पुसायला घ्या. ह्या मशिनाचा दाब लय वाईट!"

"व्हय रं, व्हय! जा तू."

रिजवान गेला आणि हंबीरराव आले. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीचा सदरा. दुपारी साताऱ्यात माजी सैनिकांचा मेळावा होता ना! नेहमीप्रमाणं भिंतीला खुर्ची लावून ते बसले.

ती भिंत म्हणजे शमशेरभाईंचा सगळा जन्म. गनमध्ये रंग भरला, की आधी एक फवारा त्या भिंतीवर मारून बघायचा, हा त्यांच्या उस्तादांपासूनचा रिवाज. शाळेच्या फाटकाचा निळा, पोरींच्या रुखवतातल्या कपाटांचा गुलाबी, ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांचा पिवळा, थरावर थर! रिजवान तिला चुना मारतो म्हणत होता आणि शमशेरभाई "मी मेल्यावर मार" म्हणत होते.

शमशेरभाईंनी मास्क लावला, मोजे चढवले, बटण बंद केलं, विजेची पिन काढली.

"शमशेर, बंदूक आधी रिकामी, मग साफ," हंबीरराव डोळे मिटल्या-मिटल्या म्हणाले. "आमाला पहिल्याच दिवशी शिकवलंय."

"आवं सुभेदार, पिन काढली की मशीन मेलं! मेलेलं काय चावतंय व्हय?"

जुन्या गनचं तसंच होतं. हवेचा पाइप काढला की ती गोगलगाय. शमशेरभाईंनी व्हॉल्वकडं ढुंकूनही बघितलं नाही. गन पुसली, उजेडात धरली. किती दिवसांनी हातात आली होती! भिंत समोर होती, सुभेदार घोरत होते, आणि हाताला जुनी सवय. त्यांनी ऐटीत घोडा दाबून हात डावीकडून उजवीकडं फिरवला.

फुस्स्स!

नळीत उरलेला सोनेरी रंग दाबासकट बाहेर आला. एका दमात भिंत सोनेरी, खुर्ची सोनेरी, सुभेदार सोनेरी!

"हमला!" हंबीरराव उठून उभे राहिले. मिशा सोन्याच्या, कान सोन्याचे, सदरा तर विचारूच नका.

"हलू नगा! पुसतो!" शमशेरभाई थिनरची बाटली घेऊन धावले.

"या अल्ला!" शकिलाबी स्वयंपाकघरातून ओरडत आल्या. "थिनर तोंडाला लावताय? कातडी सोलून निघंल त्यांची! ठेवा ती बाटली, खोबरेल आणते!"

संतापलेल्या हंबीररावांनी बिडी काढली आणि काडेपेटी शोधायला लागले.

"बिडी न्हाई! थिनर हाय!" नवरा-बायको एकदमच त्यांच्यावर झेपावले. काडेपेटी मोरीत, बिडी गटारात आणि खोबरेलाची अख्खी बाटली सुभेदारांच्या तोंडावर!

मेळावा हुकला. कानांचं सोनं काही निघालं नाही.

"रिजवानला सांगू नगा," शमशेरभाई रडकुंडीला आले. "गन जाईल माझी."

हंबीररावांनी तेलकट मिशीवर हात फिरवला. "न्हाई सांगत, गड्या. फौजी हाय मी." आणि मागच्या दारानं घरी गेले.

संध्याकाळी रिजवान आला. मशीन चकाचक, फरशी चकाचक, खुर्ची माळ्यावर.

"झालं ना नीट?"

"एकदम! काय बी झालं न्हाई."

तो शमशेरभाईंच्या मागं बघत होता. शमशेरभाईंनी वळून बघितलं.

सोनेरी भिंतीवर मधोमध एक माणूस कोरा राहिला होता. खुर्चीत बसलेला, मान कललेली, दोन्ही बाजूंना मिशांची टोकं!

"अब्बा," रिजवान म्हणाला, "कुणी जवळ असतं तर रंग कातडीतनं आत घुसला असता. हात कापायची पाळी येते माणसावर!"

शमशेरभाईंनी मान खाली घातली. खिशातले मोजे काढून गनशेजारी ठेवले. रविवारची गन गेली.

पण रविवारी हंबीरराव ट्रॅक्टर घेऊन आलेच. भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या त्या कोऱ्या आकृतीत, बरोबर छातीच्या जागी, जुना लालभडक ठिपका दिसत होता.

"ह्यो माझ्या ट्रॅक्टरचा न्हवं?"

"तोच," शमशेरभाई म्हणाले.

"रिजवान, भिंतीला चुना लावलास तर बघ! आन् ट्रॅक्टर तुझा बापच रंगवंल. न्हाईतर मी चाललो परत."

रिजवाननं बापाकडं बघितलं, मास्क पुढं केला. शमशेरभाईंनी मास्क लावला, मोजे चढवले. मग त्याच्यादेखत दाब सोडून दाखवला, बादलीत घोडा दाबून दाखवला, गन रिकामी करून दाखवली. लेकानं मान डोलावली. लाल रंग भरला. डोळे हसत होते.

"थांब!" हंबीरराव ओरडले.

त्यांनी खुर्ची उचलली, वर्कशॉपच्या बाहेर पडले, रस्ता ओलांडला, पलीकडच्या चहाच्या टपरीमागं जाऊन बसले आणि तिथून हात वर केला.

"हां, शमशेर! आता मार!"