जपान आमच्यासारखाच समजावा

रोसेंदा सुमागायसाय हिला लग्न करावयाचे होते. मनिलापासून दूर, बेटावरच्या आमच्या गावात अशा इच्छेला कोणाचीही हरकत नसते. ती कायदेशीरपणे पार पाडण्याचा आग्रह धरला, म्हणजे मात्र अडचण सुरू होते.

वस्तुतः नेस्तोर पालमारेसबरोबर तिचा संसार कित्येक वर्षे सुरळीत चालला होता. न्यायालयाच्या समोरच त्यांची खानावळ होती. ती बाचोयचा, म्हणजे मांस घातलेल्या शेवयांच्या सूपचा, रस्सा उकळीत असे, तो शेगडीवर मासे भाजत असे आणि न्यायाधीशांपासून पट्टेवाल्यापर्यंत सारी न्यायव्यवस्था दुपारी तेथेच जेवत असे. दोघांचे लग्न झालेले नाही, हे सर्वांस ठाऊक होते. जे सर्वांस ठाऊक आहे ते विचारणे असभ्यपणाचे असल्यामुळे कोणी विचारीत नसे.

विचारले ते हॉस्पिटलने. नेस्तोरचे अपेंडिक्स फुटण्याच्या बेतात असता शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी रोसेंदाने पेन उचलले, तेव्हा परिचारिका म्हणाली, "नातं काय?"

"आम्ही एकत्र राहतो."

"बाई, हे नातं नाही. हा पत्ता झाला."

शेजारच्या बेटावरून नेस्तोरचा भाऊ बोटीने येऊन सही करीपर्यंत नेस्तोर कण्हत पडून होता. तो वाचला. परंतु पुढच्या वेळची सही आपली असेल, असे रोसेंदाने त्याच दिवशी ठरविले.

विवाहाचा परवाना मागण्यास ती नोंदणी कचेरीत गेली, तेव्हा आपण विवाहित आहोत असे तिला कळले. कोबे येथील मोरिता नामक गृहस्थांशी तिचे पूर्वी लग्न झाले होते, व ते मोडलेही होते. कोबेच्या नगरकचेरीत उभयतांनी एका कागदावर शिक्के उमटविले, कारकुनाने कमरेत वाकून नमस्कार केला आणि प्रकरण संपले. मोरितांनी पुढे दुसरे लग्न केले, त्यांना मुलगी झाली, आणि दर नववर्षाला ते रोसेंदास न चुकता शुभेच्छा पाठवीत. परंतु आमच्या कायद्यात घटस्फोट नाही. त्यामुळे परदेशात झालेला घटस्फोट आमचे न्यायालय मान्य करीपर्यंत झालेला नसतो.

"तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील," वकील गुंबान म्हणाले. "मोरिता जपानी आहेत, घटस्फोट झालाय, आणि जपानात घटस्फोटाचा कायदा आहे."

"जपानात घटस्फोट होतात हे कुणाला माहीत नाही?"

"माहीत सगळ्यांना आहे गं. न्यायालयाला नाही. परदेशी कायदा त्याला पुराव्यानं शिकवावा लागतो. नाही शिकवता आला, तर तो आपल्यासारखाच आहे असं धरून चालतात."

"म्हणजे जपानात घटस्फोटच नाही?"

"आपल्या न्यायालयापुरता नाही."

नेस्तोर शेगडीला वारा घालता घालता म्हणाला, "वकीलसाहेब, तिथं बर्फ पडतो हे तरी मान्य आहे का?"

"पुरावा आण, बघू."

सुनावणीस मोरिता स्वखर्चाने, सपत्नीक आले. या सौजन्यामुळेच सरकारी वकील जुनसाय प्रथम सावध झाले. भांडण नसलेली जोडपी कायद्यास नेहमीच संशयास्पद वाटतात.

"घटस्फोट कोणत्या न्यायाधीशांनी दिला?" त्यांनी विचारले.

"न्यायाधीश नव्हते," मोरिता दुभाष्यामार्फत म्हणाले. "आमचं आम्हीच ठरवलं. माफ करा."

"वकील?"

"तेही नव्हते. फार माफ करा."

न्यायालय दुखावले. गुंबानांनी जपानच्या कायद्याचे भाषांतरित पुस्तक पुढे केले. न्यायाधीशांनी शिक्का निरखून पाहिला.

"ही प्रत पुस्तकाबरहुकूम आहे, एवढंच हा शिक्का म्हणतो. पुस्तक कायद्याबरहुकूम आहे असं कोण म्हणतंय?"

"महाराज, साक्षीदार स्वतः जपानी आहेत. स्वतः घटस्फोटित आहेत."

"साक्षीदार जहाजांचे रंग बनवतात. आपण घटस्फोटित आहोत असं त्यांना मनापासून वाटतं, इतकंच यातून सिद्ध होतं."

मग जुनसायांनी मोरितांच्या शेजारच्या बाईंकडे बोट दाखविले. "या कोण?"

"माझी पत्नी."

"आणि अर्जदार बाई?"

मोरितांनी विचार केला. "त्या फार चांगलं जेवण बनवतात."

"मोरितासाहेब, तुमचा घटस्फोट सिद्ध होईपर्यंत अर्जदार बाई तुमच्या पत्नी आहेत, आणि त्या परपुरुषाबरोबर राहताहेत. याची तक्रार फक्त पतीला करता येते. करायची आहे का? आणि बाई, तुमचे पतीही परस्त्रीबरोबर राहतात. तुम्हालाही तक्रारीचा हक्क आहे."

"तक्रार केली तर घटस्फोट मान्य होईल?" रोसेंदाने विचारले.

"छे. दोघं तुरुंगात जाल. पण नवरा-बायको म्हणूनच."

यानंतर जेवणाची सुट्टी झाली आणि सर्व संबंधित रोसेंदाकडे जेवले. परस्त्रीने बाचोय दोनदा मागून घेतला, आणि निघताना रोसेंदास कृती लिहून मागितली.

यथावकाश निकाल लागला. जपानचा कायदा योग्य रीतीने सिद्ध न झाल्यामुळे तो आमच्या कायद्याप्रमाणेच आहे असे समजण्यात येते. सबब जपानात घटस्फोट नाही, सबब मोरिता यांचा घटस्फोट नाही, सबब अर्ज नामंजूर. योग्य पुराव्यानिशी पुन्हा अर्ज करण्यास अर्जदारास मुभा आहे.

त्याच दुपारी न्यायाधीश नेहमीच्या टेबलावर बसले. सोबत नेहमीच्या बाई होत्या. गाव त्यांना बाईसाहेब म्हणते. न्यायाधीशांच्या धर्मपत्नी मनिलात असतात.

"रोसेंदा," न्यायाधीश म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांग, मासा आज जरा जास्त भाजलाय."

"कळवते साहेब. पण कोबेला पत्र पोचायला वेळ लागतो."

न्यायाधीश मनमोकळे हसले. बाईसाहेबांनी मायेने तिचा हात धरला. "अगं, कशाला जिवाला लावून घेतेस? माणसं राहतातच की अशी."

"राहतात ना," रोसेंदा ताट उचलीत म्हणाली. "आजारी पडेपर्यंत."

बाईसाहेबांनी हात मागे घेतला. न्यायाधीश काट्यांकडे लक्ष देऊन मासा खाऊ लागले.

रोसेंदाने नवा अर्ज दाखल केला आहे. नेस्तोरने मिरची सोडली आहे, कारण सही अद्याप भावाचीच आहे आणि पावसाळ्यात बोटी बंद असतात.

परगावच्या वाचकास हे सारे वाचून हसू येत असल्यास आमची हरकत नाही. आपल्याकडे असे काही होत नाही, आपल्याकडे माणूस आधी आणि कागद नंतर, असे त्याचे म्हणणे असेल, तर त्याने ते सक्षम अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानिशी सिद्ध करावे. तोपर्यंत त्याचे गाव आमच्यासारखेच समजण्यात येईल.