काशीला निघालेला नवरा आणि भाषेची आई

कुंभकोणमच्या मंगल कार्यालयातून नवरदेव शठकोपन छत्री, काठी आणि पंखा घेऊन काशीला निघाला. त्यात नवल नाही, आमच्याकडे प्रत्येक नवरदेव निघतो. ‘संसार नको, संन्यास घेतो’ म्हणत चार पावलं टाकायची. मुलीच्या बापाने आडवं येऊन ‘जावईबापू, माघारी फिरा’ म्हणून विनवायचं, की स्वारी वळते. बोलावल्याशिवाय वळायचं नाही आणि तो वळेपर्यंत नादस्वराची सनई थांबवायची नाही, एवढाच नियम.

मुलीचे वडील आरावमुदन तमिळचे मास्तर. त्यांनी घसा खाकरून अस्सल तमिळमध्ये विनवणीला तोंड उघडलं, तोच मुलाचे वडील देशिकाचारी मध्ये पडले. ते संस्कृतचे मास्तर.

“थांबा व्याहीबुवा! शुभकार्य आहे, संस्कृतात बोला. सगळ्या भाषांची आई आहे ती.”

“कुणाची आई?” आरावमुदन गर्रकन फिरले. “आमच्या तमिळला आई लागत नाही!”

“म्हणजे काय आभाळातून पडली?”

“तुमची आई रांगत होती तेव्हापासून इथेच बसलीय!”

“मग पत्रिकेवर ‘विवाह’ छापलात, तो शब्द कुणाच्या घरचा?”

“वाटीभर साखर आणली म्हणून शेजारीण आई होते काय हो?”

झालं! दोन्हीकडच्या आत्या-मामांनी पदर खोचले, बाह्या सरसावल्या. भटजी “मुहूर्त, मुहूर्त!” म्हणत मध्ये गेले, तर दोघांनी त्यांनाच साक्षीला ओढलं.

नवरी कोदै खिडकीतून बघत होती. या शठकोपनसाठी तिने बापाशी वर्षभर अबोला धरला होता.

“अप्पा, ते तळ्याच्या पलीकडे गेले!”

“जाऊ दे, आधी हा वंशावळीचा वाद मिटू दे!”

“अहो अप्पा, उद्यापासून मार्गळी! महिनाभर लग्नं बंद!”

ऐकतंय कोण? तिकडे शठकोपन नाकासमोर चालला होता. मागे नादस्वर, ढोल, कुठल्या तरी देवाची पालखी समजून हात जोडत निघालेले केळीवाले, फुलवाल्या आणि देवळाचा हत्ती. वरात थेट स्टेशनात शिरली. उत्तरेकडची गाडी उभीच होती. लोकांनी वाट करून दिली, शठकोपनने पायरीवर पाय ठेवला.

तेव्हा कुठे दोघे व्याही धापा टाकत पोचले. एक संस्कृतात ओरडला, दुसरा तमिळमध्ये. ढोलापुढे दोन्ही भाषा सारख्याच मुक्या ठरल्या.

इतक्यात नऊवारी खोचून, मामेबहिणीच्या स्कूटरवर मागे बसून कोदै आली. तिने दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ घातली, की गोपुरावरची कबुतरं उडाली, हत्ती मटकन खाली बसला, आणि सिग्नल मिळाला समजून ड्रायव्हरने गाडी सोडली.

शठकोपन पायरीवरून खाली उडी मारून वळला. “पण... मुलीकडच्यांनी बोलवायचं असतं.”

“मग मी कुणाकडची? चला मुकाट्याने!”

मंगळसूत्र मुहूर्ताच्या शेवटच्या क्षणी बांधलं गेलं. व्याह्यांना मात्र अक्षता टाकायची शुद्ध नव्हती.

“शीळ ही मूळची संस्कृतच!” देशिकाचारी म्हणत होते.

“छट्! शुद्ध तमिळ!”

पुढे नातू झाला. त्याच्या पहिल्या शब्दावर निकाल लागणार, असं ठरलं. तो बोलायच्या वयाला आला, तसे दोन्ही आजोबा पाळण्याच्या दोन्ही बाजूंना कान लावून बसले. बाळाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि दोन बोटं तोंडात घातली.