मेंदूचा कागद

पाणीपुरी खायची कल्पना माझीच होती, हे आधी कबूल करतो. (कबुली द्यायची मला पुढे सवयच लागली, पण ते नंतर.) नाशकातल्या द्वारका चौकात आम्ही नवराबायको गाडीपाशी उभे होतो. मंजुषाने पहिली पुरी अख्खी तोंडात टाकली. मीही टाकायला गेलो, पण माझी आत जाईना. ओठांशी अडली, तिथेच फुटली आणि पुदिन्याचं पाणी शर्टभर झालं.

"अहो, तोंड नीट उघडा की!"

"उघडलंय."

"एवढंच?"

मंजुषा महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते. तिला कुठलीही गोष्ट मोजून पाहायची खोड आहे. तिने गाडीवाल्यासमोरच माझ्या तोंडात बोटं उभी घातली. माणसाच्या तोंडात तीन जायला हवीत म्हणे, माझ्या दोन गेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. येवल्याला तिचा थोरला भाऊ यादव पैठणी विणतो. त्याचं तोंडही तंबाखूने असंच मिटत मिटत गेलं, आणि आज तो पेजसुद्धा नळीने पितो.

"मोतीराम," ती म्हणाली. (लग्नाला एकवीस वर्षं झाली, तिने मला नावाने हाक मारल्याची ही पहिलीच वेळ. मी जागीच गार.) "मला तुम्हाला नळीने पाजायचं नाही."

माझी तंबाखू लग्नापेक्षा जुनी. ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर शौकत बसतो. तंबाखू माझी, चुना त्याचा, अशी आमची भागीदारी. टेबलावरची फाईल हलो न हलो, आमचे अंगठे दिवसभर तळहातावर हलत असत. पण मंजुषाने हाय खाल्ली, आणि आठवड्याच्या आत मला इंदिरानगरातल्या एका नव्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

तिथल्या डॉक्टर ललितने एक मशिन आणलं होतं. डोक्याला वायरी चिकटवायच्या, मेंदूच्या लहरी कॉम्प्युटरवर पाहायच्या. मेंदू शांत झाला की पडद्यावरचा लाल फुगा वर जातो. तसा तो पुन्हा पुन्हा वर नेता आला, की मेंदूला शांत राहायची सवय लागते आणि तलफ आवरता येते, असं त्याचं म्हणणं.

"शॉक देणार?" मी दारातूनच विचारलं.

"काका, आम्ही करंट देत नाही. तुमच्याच मेंदूतला मोजतो."

(सन दोन हजार पाच. नाशकात लोडशेडिंगने जीव नकोसा झालेला. अशा दिवसांत माझ्या मेंदूत करंट आहे, हे ऐकून मला बरंच वाटलं.)

"आणि यात दिसतं काय?" मंजुषाने विचारलं.

"काकांच्या मनात काय चाललंय, ते सगळं," डॉक्टर हसत म्हणाला.

तो हसत होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला घाम फुटला.

पाच बैठका झाल्या. फुगा जमिनीला चिकटून बसलेला. शेजारच्या खुर्चीत कॉलेजातला एक पोरगा फुगा ढगात नेऊन परत आणत होता आणि माझा वीतभरही उठत नव्हता. शेवटी मी विचार केला, मशिनला हवा शांत मेंदू. माझा मेंदू शांत कशाने होतो? तंबाखूने! मग तंबाखू सुटावी म्हणून थोडी तंबाखू खाल्ली तर बिघडलं कुठे? सहाव्या बैठकीला मी गालात एक बार धरून बसलो. (माझी बुद्धी अशीच चालते. म्हणून तर सतरा वर्षं एकाच टेबलावर आहे.) फुगा तरीही हलला नाही.

त्या दिवशी डॉक्टर नव्हता. मशिन चालवणाऱ्या दीपमालाने लहरींचा लांबलचक कागद छापून मंजुषाच्या हातात दिला. "सर सोमवारी समजावतील," म्हणाली.

घरी आल्यावर मंजुषाने तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरला, चष्मा लावला, हातात लाल पेन घेतलं. कागदावर नुसते डोंगर. पहिल्या डोंगरावर तिने बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही.

"एक पुडी स्कूटरच्या डिकीत आहे," मी म्हणालो.

बोट दुसऱ्या डोंगरावर.

"गमबुटात. डाव्या."

तिसऱ्यावर.

"गव्हाच्या डब्यात. पण तळाशी! आणि प्लॅस्टिकमध्ये बांधून!"

बोट सरकत एका भल्यामोठ्या सुळक्यावर येऊन थांबलं. तोही दिसला होता तर!

"मंजू, तू घर धुंडाळायचीस, पण तुझी स्वतःची पर्स कधी तपासायची नाहीस. म्हणून... आतल्या कप्प्यात... पावसाळ्यापासून."

तिने लाल पेन खाली ठेवलं. "पावसाळ्यापासून?"

"हो."

"म्हणजे व्यसनमुक्ती सप्ताहात मी सगळ्या शाळेपुढे भाषण केलं, तेव्हा..."

"तेव्हाही होती."

मला वाटलं होतं, ती ओरडेल. ती रडली. पर्स मांडीवर उलटी करून, त्या पुडीकडे बघत नुसती रडत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातल्या सगळ्या पुड्या गोळा करून मी तिच्यासमोर ठेवल्या. (नऊ निघाल्या. दोन मलाच माहीत नव्हत्या.)

"या कागदात अजून काय काय लिहिलंय?" मी भीत भीत विचारलं.

"मला काय ठाऊक?" ती डोळे पुसत म्हणाली. "मला कुठे हा वाचता येतोय? वर्गात कुणी खडू चोरला की मी वहीवर असंच बोट ठेवून गप्प बसते. पोरं आपणहून बोलतात. तुम्ही चौथीच्या पोरांपेक्षा लवकर बोललात."

सोमवारी डॉक्टरने कागद उलगडला आणि तोही चक्रावला.

"काका, त्या दिवशी तोंडात काही होतं का?"

मंजुषाने माझ्याकडे पाहिलं. आता तिला बोट ठेवायचीही गरज नव्हती.

"होतं," मी म्हणालो.

"तरीच. हे डोंगर जबड्याचे आहेत. तुम्ही चघळत होता. मेंदूचं यात काहीच आलेलं नाही."

मशिनने सुटली की पर्सने, ते देव जाणे, पण तंबाखू सुटली. चार महिने झाले. तोंडाचे व्यायाम करून आता अडीच बोटं जातात, आणि मंजुषा दर रविवारी मोजते. मध्यंतरी डॉक्टरचा फोन आला. "काका, तुमचा तो कागद फ्रेम करून दवाखान्यात लावू का? नाव टाकलं तर चालेल?"

"मोठ्या अक्षरांत टाका!" मी म्हणालो. बरा झालेला पेशंट म्हणून माझं नाव भिंतीवर लागणार! शौकतनेही तंबाखू सोडावी म्हणून मी त्याला मुद्दाम ते दाखवायला घेऊन गेलो.

फ्रेम झकास होती. खाली लिहिलं होतं: 'मेंदूची एकही लहर न आलेला नमुना. मशिन चालवणाऱ्यांनी नीट पाहून ठेवावा.' आणि त्याखाली ठळक अक्षरांत माझं पूर्ण नाव.

शौकतने ती ओळ दोनदा वाचली.

"मोतीरामभाऊ," तो हळहळून म्हणाला, "नाव टाकायची काय गरज होती? नुसता कागद लावला असता, तरी ऑफिसातल्या कुणीही ओळखलं असतं."